रीठही न उरलेली गावे



 माळव्यात यायचे, मराठीत बोलायचे आणि समोर सभागृह भरलेले असायचे, हे भाग्य आम्हा वऱ्हाड-चांद्याकडच्या वक्त्यांना घरीसुद्धा दरवेळी लाभत नाही. 

विषय आहे, उघड्या कोळसा खाणीत गेलेल्या गावाचा इतिहास. संयोजकांनी फोनवर विचारले होते, 'म्हणजे नेमके कोणत्या गावाचा?' प्रश्न रास्त होता. गाव उभे असेल तर बोट दाखवता येते. इथे बोट कुठे दाखवायचे? जिथे गाव होते तिथे आज खड्डा आहे. खड्डा म्हटले की माणूस खाली बघतो. मी ज्याबद्दल बोलणार आहे ते तर वर होते.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. विकास हवा की नको, हा वाद घालायला मी उभा नाही. हे दिवे चालू आहेत, पंखे फिरत आहेत, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो आहे तो विजेवर. मध्य प्रदेशाच्या विजेत कोळशाचा वाटा किती मोठा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. बैतूल जिल्ह्यातले सारणी, खंडव्याकडचे सिंगाजी, खरगोनजवळचे सेलदा, पूर्वेचे विंध्याचल, सगळी कोळशावर चालणारी केंद्रे. त्यामुळे कोळशाला नाके मुरडण्याचा अधिकार निदान या सभागृहात तरी कोणाला नाही. माझी तक्रार निराळी आहे. सरकारला गाव हलवता येते, घरांची मोजणी करता येते, झाडांची किंमत ठरवता येते. पण त्या गावाचा इतिहास लिहून ठेवणे हे काम कोणाच्याच यादीत नाही. आणि आपल्याकडे जे काम कोणाच्या यादीत नसते, त्याचे काय होते हे आपण जाणतोच.

मी चार गोष्टी मांडेन. गाव कागदावर कसे येते. ते जमिनीवरून कसे जाते. कागदात कोण येतच नाही. आणि शेवटी, आपण काय करू शकतो.

पहिली गोष्ट. गाव कागदावर कसे येते?

आमच्याकडे वर्धा नदीच्या दोन्ही काठांना कोळसा आहे. अलीकडे वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर. पलीकडे राजुरा आणि यवतमाळ जिल्ह्यातले वणी. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ गोंडवनी खडक म्हणतात. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गोंड राजांची राजधानी होती, तो किल्ला आजही उभा आहे. गोंडांचे नाव खडकाला मिळाले, जगभर गेले. त्या खडकावर राहणाऱ्या गोंडांच्या वाट्याला काय आले, ते पुढे येईलच.

इंग्रजांनी वरोऱ्याला सरकारी खाण सुरू केली १८७१ मध्ये. तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा आणला. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरच्या कोळशाचा शोध लागला होता. १९०९ सालचे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडा. कोळशाबद्दल त्यात आस्थेने लिहिलेले आहे. गावांबद्दलही आहे, पण कशासाठी? शेतसारा किती, तो भरणारा मालगुजार कोण, तलाव किती, पीक कोणते. म्हणजे गाव कागदावर पहिल्यांदा येते ते कर म्हणून.

दुसऱ्यांदा ते येते भूसंपादनाच्या वेळी. गट क्रमांक, क्षेत्र, ओलित की कोरडवाहू, घर पक्के की कुडाचे, आंब्याची झाडे किती, विहीर बांधीव की कच्ची. आता गाव कागदावर येते ते भाव म्हणून.

आणि तिसऱ्यांदा येते तक्रार म्हणून. सिंगरौलीचेच उदाहरण घ्या, ते तर तुमच्याच राज्यातले. तिथल्या वीज प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते. त्यातल्या पुनर्वसनाविरुद्ध १९९७ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे अर्ज गेला. सिंगरौलीच्या खेड्यांची दुःखे वॉशिंग्टनच्या फायलीत जाऊन बसली. पुढे कोणाला त्या लोकांविषयी काही शोधायचे झाले, तर वैढणच्या तहसिलीपेक्षा कदाचित त्या फायलीत जास्त सापडेल. आहे की नाही गंमत?

कर, भाव आणि तक्रार. गाव तीनदा कागदावर येते. पण ते गाव म्हणून कधी येते?

अगदीच येत नाही असे म्हटले तर अन्याय होईल. एक कागद आहे. निस्तारपत्रक. इथे वकील मंडळी बसली असतील, त्यांना ठाऊक असेल. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत ते आहे, महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही आहे. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर होती. तेव्हा हा वारसा तुमच्या राज्याचा आणि आमचा एकच. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, मालगुजाराच्या ताब्यातले जंगल, पडीक, तलाव सरकारकडे आले, आणि मग प्रश्न उभा राहिला की गावाच्या वहिवाटीचे काय? गुरे कुठे चारायची, सरपण कुठून आणायचे, खळी कुठे घालायची, प्रेत कुठे जाळायचे, कुठे पुरायचे, मेलेल्या जनावराचे कातडे कुठे सोलायचे. हे सगळे निस्तारात येते. शेजारी वाजिब-उल-अर्ज, पाण्यावरचा, वाटेवरचा, मासेमारीवरचा गावाचा रिवाज त्यात लिहायचा. हा कागद नीट भरला असेल तर त्यात अख्खे गाव चालताना दिसते. भरला असेल तर! आणि नुकसानभरपाई ठरवताना हा कागद कोण उघडतो? भाव सातबाराचा निघतो. निस्ताराचा भाव कधी निघाला?

दुसरी गोष्ट. गाव जमिनीवरून कसे जाते?

इथे एक फरक आधी समजून घेतला पाहिजे. जुन्या खाणी भूमिगत होत्या. खाली बोगदे, वर गाव. धोका होताच, घुग्गुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले, खाली जुन्या खाणीची पोकळी होती. पण सहसा गाव वर टिकत असे, आणि गावातली पोरे खाली कामाला जात. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया आली, नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स आली, जिला आमच्याकडची वर्तमानपत्रे 'वेकोलि' म्हणतात. देशाला कोळसा भराभर हवा होता. आपला बराच कोळसा फार खोल नाही, यंत्रे मोठी मिळू लागली होती. मग बोगदे कशाला? वरची माती काढून फेका, कोळसा उघडा करा, डंपरमध्ये भरा. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा असाच निघतो. २०२४-२५ मध्ये आपण शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. आणि कोल इंडियाचे कायम कामगार? ते अडीच लाखांच्या आत आलेत. कोळसा वाढला, माणसे घटली. भूमिगत खाणीला गावातली माणसे हवी असत. उघड्या खाणीला गावाची फक्त जागा हवी असते.

या वरच्या मातीला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' म्हणतात. आमच्याकडचा ड्रायव्हर, शेतकरी, पत्रकार सगळे 'ओबी' म्हणतात. ओबीचे ढिगारे चंद्रपूर-वणीच्या रस्त्याने जाताना डोंगरांसारखे दिसतात. नवखा माणूस विचारतो, 'हा कोणता डोंगर?' त्या डोंगरात काय आहे? कोणाच्या तरी शेताची काळी माती आहे. आबादीची पांढरी माती आहे. चुलीची राख आहे, फुटक्या मडक्यांची खापरे आहेत, पायव्याचे दगड आहेत. आणि सगळे उलटेसुलटे.

हे मी इतके बारकाईने का सांगतो? कारण इंदूरकरांना दुसऱ्या एका खोदकामाची आठवण करून द्यायची आहे. इथून फार लांब नाही, महेश्वरच्या समोर, नर्मदेच्या दक्षिण काठावर नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी बडोद्याच्या विद्यापीठासोबत १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये तिथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव सापडले. घरे गोल होती आणि चौकोनीही. लोक आधी गहू खात, नंतर तांदूळही आला. मसूर होती, लाख होती, जवस होते. जळके दाणे वेचून हे कळले. सांकलियांचे मजूर माती कशी काढत? थरावर थर, हलक्या हाताने, प्रत्येक थराची नोंद करत. म्हणून आपल्याला कळले.

आता मला सांगा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नावडातोलीच्या चुलीवर काय शिजत होते, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि चाळीस वर्षांपूर्वी खाणीत गेलेल्या गावात पोळ्याला काय शिजत होते, हे कोणत्या दप्तरात आहे?

नावडातोली उजाड झाली, पण तिची माती जागेवर राहिली. आमच्या विदर्भात महसुली कागदांत काही गावांपुढे 'रीठ' असे लिहिलेले असते. म्हणजे गावाची शीव आहे, नाव आहे, वस्ती नाही. कधी पटकीने उठली, कधी दुष्काळाने, कधी लुटारूंच्या भयाने. पण रीठ मेलेले नसते. पांढरीचे टेकाड दिसते, चिंचेचे झाड असते, शेंदूर लावलेला मारुती असतो, आणि वर्षातून एकदा चार कोसांवरून कोणीतरी येऊन नारळ फोडून जाते. धरणात गेलेल्या गावाचेही पुष्कळदा तसेच. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते, लोक बघायला जातात. तुमच्या शेजारचे हरसूद घ्या. ३० जून २००४ पर्यंत रिकामे करा, असा हुकूम होता. लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली. पाण्याखाली का होईना, हरसूदची जमीन हरसूदलाच आहे. इंदिरा सागरच्या त्याच पाण्यात सिंगाजी महाराजांच्या समाधीभोवती बांध घालून ती जागा वाचवली. पुढे त्यांचेच नाव औष्णिक केंद्राला दिले. संताला आपण वाचवले, ठीकच केले. 

खाणीत मात्र रीठही उरत नाही. टेकाड नाही, चिंच नाही, परत येऊन नारळ फोडायला जागा नाही. जिथे पांढरी होती तिथे दीडदोनशे फूट खाली काळे पाणी साचलेले असते आणि पांढरी दोन मैलांवर ओबीच्या ढिगात असते. माणसे विस्थापित होतात हे आपण ऐकतो. इथे मातीच विस्थापित होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा फरक फार मोठा आहे. इतर उजाड गावांचा इतिहास उद्या लिहिता येईल, सांकलियांसारखा कोणी येईल आणि खणेल. खाणीत गेलेल्या गावाचा इतिहास उद्या लिहिता येणार नाही. तो आधीच लिहावा लागतो.

आधी म्हणजे केव्हा? गाव काही एका दिवसात जात नाही.

कोळसा असलेल्या जमिनीसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे, कोल बेअरिंग एरियाज ॲक्ट. आमच्या पट्ट्यातला निरक्षर म्हातारासुद्धा त्याची कलमे पाठ म्हणतो. 'आमच्या गावाला सेक्शन चार लागला.' 'सात झाला.' 'नऊ बाकी आहे.' चार म्हणजे कोळशाचा शोध घेण्याची अधिसूचना. सात म्हणजे संपादनाचा इरादा. हरकत घ्यायला तीस दिवस. नऊ म्हणजे घोषणा, मग जमीन केंद्र सरकारची. अकराने ती कंपनीकडे जाते. चार लागल्यापासून गाव प्रत्यक्ष उठेपर्यंत किती वर्षे जातात? कित्येक. त्या वर्षांत गावाचे काय होते? कोणी नवे घर बांधत नाही, कारण पाडायचेच आहे. कोणी विहीर उपसत नाही. बँक कर्जाला मागेपुढे पाहते. मुलीचे आईबाप विचारतात, गाव उठणार आहे ना, मग पोरगी द्यायची कुठे?

तोवर शेजारची खाण जवळ येते. दुपारी सुरुंग उडतो, फळीवरची भांडी वाजतात, कुडाच्या भिंतीला बोटभर भेग पडते. खाणीतले पाणी पंपाने उपसतात, तशा गावातल्या विहिरी आटतात. वणीकडे कापूस वेचायला गेलात तर बोंडे करडी दिसतील. कोळशाच्या ट्रकांची धूळ बसलेली असते. बाई एक एक बोंड हाताने झटकते आणि पोत्यात टाकते. बाजारात व्यापारी मूठ उघडून कापूस बोटांनी पसरतो, काही न बोलता भाव पाडतो. नोटीस यायच्या आधी गाव असे झिजत असते. याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

आणि काही गावांचे तर हे झिजणे संपतच नाही. भद्रावतीजवळचे बरांज मोकासा घ्या. नावातला मोकासा मराठ्यांच्या महसूल व्यवस्थेची खूण आहे, एवढे ते गाव जुने. तिथला कोळशाचा पट्टा २००३ मध्ये कर्नाटकच्या वीज महामंडळाला मिळाला, कोळसा बल्लारीच्या औष्णिक केंद्रासाठी. काही वर्षांत खाण सुरू झाली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या २१८ पैकी २१४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यात हाही होता. २०१५ मध्ये खाण थंडावली, पुढे काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. जमीन भद्रावतीची, वीज बल्लारीची, निकाल दिल्लीचा. आणि पुनर्वसनाची मागणी मात्र गावाच्या चावडीवर, वर्षानुवर्षे तीच.

सिंगरौलीत तर हा प्रकार पिढ्यांचा झाला. १९६२ मध्ये रिहंद धरण पुरे झाले, लोक वर सरकले. जिथे सरकले तिथे कोळसा निघाला. झिंगुरद्याचा थर तर शंभर मीटरहून जाड, देशात असा दुसरा नाही. पुन्हा सरकले. मग औष्णिक केंद्रे आली, राखेचे तलाव आले. आज नॉर्दर्न कोलफील्ड्स वर्षाला तेरा कोटी टनांहून अधिक कोळसा काढते आणि खाणीसाठी मोरवा हे अख्खे शहर हलवण्याचे काम सुरू झाले आहे. अशा घरातल्या आजोबांना विचारा, 'तुमचे गाव कोणते?' ते उलट विचारतील, 'कितवे?'

निर्मल वर्मा १९८३ मध्ये सिंगरौलीला गेले, त्यांनी 'जहाँ कोई वापसी नहीं' लिहिले आणि ते बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात गेले. आपल्याकडे धरणग्रस्तांना विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मिळाली. कोळशाच्या पट्ट्याच्या वाट्याला मराठीत तेवढे वजनाचे काही आले, असे म्हणवत नाही. आज निलजई, उकणी, मुंगोली, घोन्सा ही नावे घेतली की बाहेरच्या माणसाला खाणी आठवतात. ही गावांची नावे होती, हे सांगावे लागते.

तिसरी गोष्ट. कागदात कोण येतच नाही?

'किती सुंदर होती आपली खेडी' असा सूर माझ्या बोलण्यात आला असेल, तर तो इथेच थांबवतो. इंदुरात उभे राहून तसे बोलायची सोय नाही. महू इथून हाकेच्या अंतरावर आहे. १८९१ मध्ये तिथे जन्मलेल्या माणसाने १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्याबद्दल काय सुनावले, ते तुम्हा सर्वांना माहीत आहे. संकुचितपणाचे, अज्ञानाचे, जातीयतेचे आगर, असा त्याचा आशय होता. डॉ. आंबेडकर खेड्याला ओळखून होते.

मग प्रश्न असा की गाव खाणीत गेले तेव्हा ते जातीयतेचे आगरही गेले, बरेच झाले ना? काही अंशी हो. नव्या वसाहतीत प्लॉट क्रमांकाने मिळतात, वेशीबाहेरची वस्ती वेशीबाहेर राहत नाही. पोळ्याला आंब्याच्या तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून डोकी फुटत. नव्या वसाहतीत बैलच नाहीत, भांडण संपले. पण जरा पुढे बघा. जमिनीचा मोबदला कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. कोल इंडियाच्या धोरणात नोकरी कशावर? साधारण दोन एकर जमिनीमागे एक. आता, ज्याला गावाने शतकानुशतके जमीनच धरू दिली नाही, त्याचे काय? ज्याची सगळी शेती दुसऱ्याच्या वावरात बटईने होती, त्याचे काय? गुरे राखणाऱ्या ढोरक्याचे? गोंड किंवा कोलाम आदिवासी बाईचे, जिचे अर्धे वर्ष मोहफुलांवर आणि तेंदूपानांवर निघत होते आणि त्या जंगलावर तिचे नाव कुठेच नव्हते? गावाने त्यांना जमिनीबाहेर ठेवले होते, म्हणून कायद्याने त्यांना मोबदल्याबाहेर ठेवले. जुना अन्याय नव्या कागदावर जसाच्या तसा उतरला, फक्त आता त्यावर सरकारी शिक्का आहे.

म्हणून मी म्हणतो, गावाचा इतिहास लिहायचा तो गावाचे कौतुक करायला नाही. कोणाचे काय बुडाले, हे सातबारा सांगत नाही म्हणून लिहायचा.

एका पुनर्वसित वसाहतीत एका आजीला मी म्हटले, 'गावाबद्दल सांगा.' तिने तारीख-वार काही सांगितले नाही. ती मनाने चालायला लागली. 'घरातून निघालं का उजवीकडं कुंभाराचा आवा. तिथून बोडी. बोडीवर धुणं. पलीकडं आखर, तिथं ढोरं बसत. आखरावरून पांधणीनं गेलं का आमची निंदणाची वावरं. आमची म्हणजे पाटलाची.' अर्ध्या तासात तिने निस्तारपत्रक बोलून दाखवले. कुठला रस्ता आपण टाळायचो आणि का, तेही सांगितले. ते कोणत्याच निस्तारपत्रकात नसते. आणि एक वाक्य सहज बोलली, 'आमची म्हणजे पाटलाची.' कोण राबत होते आणि नाव कोणाचे होते, हे तीन शब्दांत सांगून झाले. इतिहास आणखी वेगळा काय असतो?

चौथी आणि शेवटची गोष्ट. काय करायचे?

२०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा त्यात एक चांगली तरतूद होती. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा. गावात कोण राहते, कशावर जगते, सामाईक काय आहे, भूमिहीनांचे काय होईल, हे लिहून गावासमोर ठेवायचे. म्हणजे भूसंपादनात तरी गाव पहिल्यांदाच गाव म्हणून कागदावर येण्याची शक्यता होती. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात तेरा कायदे बाजूला काढून ठेवले होते आणि त्यांत १९५७ चा कोळशाचा कायदा आहे. २०१५ पासून मोबदल्याची आणि पुनर्वसनाची कलमे त्यालाही लागू केली. सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र लागू केला नाही. पैसे वाढले, ते वाढायलाच हवे होते. पण गाव लिहून ठेवण्याची एकमेव सक्ती होती, तीच कोळशाच्या गावांना नाही. पहिली मागणी ही, आणि ती इथल्या कायदेपंडितांनी उचलावी: हा अभ्यास कोळशाच्या जमिनीलाही लागू झाला पाहिजे.

दुसरे काम सरकारची वाट न पाहता करता येते. आंध्रात नागार्जुनसागर बांधताना, दरी बुडण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात तिथे उत्खनन करून प्राचीन अवशेष उचलून टेकडीवर नेले. दीडदोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांसाठी आपण एवढे केले, योग्यच केले. मग ज्या गावाला आज सेक्शन चार लागला आहे, त्या जिवंत गावासाठी काय अडचण आहे? त्याला उत्खननाचीसुद्धा गरज नाही. माणसे बोलत आहेत, बसून ऐकायचे आहे. आपली विद्यापीठे आहेत, इतिहासाचे आणि समाजकार्याचे विभाग आहेत, दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रबंधाला विषय शोधत असतात. एका विद्यार्थ्याला एक गाव द्या. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसिलीतून काढा, म्हाताऱ्या माणसांसमोर वाचा, चुकले काय ते विचारा. शेताशेताची नावे लिहा. सातबाराला गट क्रमांक असतो, पण घरात त्या वावराला वेगळे नाव असते आणि ते नाव आजीबरोबर जाते. ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण सरकारी मोजणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एक प्रत गावाला, एक महाविद्यालयात, एक जिल्हाधिकाऱ्याकडे. उद्या मोबदल्याच्या दाव्यात हाच कागद कोर्टात उभा राहू शकतो. तेव्हा हे काम हौसेचे समजू नका.

आणि हे काम इंदूरने का करायचे? चंद्रपूर आमचे, सिंगरौली सातशे किलोमीटरवर, तुमचा काय संबंध? माझे उत्तर सरळ आहे. वीज जिकडे येते तिकडे जबाबदारीही यावी. तुमचे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येते, त्याचा आम्हालाही अभिमान वाटतो. पण हेही खरे की ज्या राखेवर आणि ओबीवर शहरे उजळतात, ती राख शहरात पडत नाही. तिचा हिशेब मागणारे लोक दूर आहेत, गरीब आहेत आणि त्यांची भाषा फायलीची नाही. तुमच्याकडे ग्रंथालये आहेत, वकील आहेत, छापखाने आहेत, व्याख्यानमाला आहे. आणि मराठी-हिंदी दोन्ही येणारी माणसे आहेत, म्हणजे सिंगरौलीलाही तुम्ही ऐकू शकता आणि वणीलाही. असे दोन्हीकडे कान असलेले शहर दुसरे कोणते?

थोडक्यात सांगतो. गाव कर म्हणून, भाव म्हणून आणि तक्रार म्हणून कागदावर येते. ते गाव म्हणून लिहिले गेले पाहिजे. इतर उजाड गावांचे निदान रीठ उरते. खाणीत जाणाऱ्याचे काहीच उरत नाही, म्हणून ते जाण्याआधी लिहिले पाहिजे. आणि लिहिताना सातबाराबाहेरच्या माणसापासून सुरुवात झाली पाहिजे, नाहीतर आपणही भूसंपादन अधिकाऱ्याचेच काम करू, फक्त जरा चांगल्या मराठीत.

संयोजकांना एक सूचना करून थांबतो. पुढच्या वर्षी या मंचावर माझ्यासारख्या वक्त्याऐवजी, असे एखादे गाव लिहून काढलेल्या विद्यार्थ्याला बोलवा, आणि त्याच्याबरोबर त्या गावातल्या एका माणसाला. दोघांच्या भाड्याची सोय मी करतो. विद्यार्थी शोधायची जबाबदारी तुमची.